चित्रात न आलेले पाय

तेलगाव,
१९ ऑक्टोबर १९८६

प्रिय शहादेव,

तुला जयभीम, माझा शरणार्थ. तुझं पार्सल पोचलं. पोस्टमनने ते दुकानात आणून तराजूच्या पारड्यातच ठेवलं आणि अप्पांनी सवयीने वजनही करून टाकलं. म्हणाले, "पुन्याहून काय मागवलंस? केशर का?" मी म्हटलं, चित्रं आहेत. त्यावर त्यांनी पार्सल उचलून माझ्याकडे असं सरकवलं, जसं काही त्यात पाल निघाली होती.

मागच्या खोलीत गुळाच्या ढेपांवर एकेक पान पसरून बघितलं. गड्या, सिनेमाची पोस्टरं रंगवून रंगवून तुझा हात बिघडेल अशी मला धास्ती होती. झालं उलटंच. तुझ्या आईला, सिंधुमावशीला, मी चड्डीत होतो तेव्हापासून पाहतोय. वाडीत तुमच्या घरी तिच्या हातची भाकरी चोरून खाल्ली आहे, म्हणजे आमच्या घरच्यांपासून चोरून. पण ती अशी दिसते हे मला कधी दिसलं नव्हतं. पदर खोचलेला, हातात खडी फोडायचा घण, समोर विहिरीवर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. मी बराच वेळ ते पान हातात धरून बसलो.

गोष्ट तूच सांगितलेली, तरी एकदा उगाळून घेतो, म्हणजे शब्द लिहायला बसताना हात वळेल. बहात्तरचा दुष्काळ. वाडीच्या शिवारात खडी फोडायचं सरकारी काम. सगळ्या विहिरी आटलेल्या, एका पाटलांच्या विहिरीला पाणी, आणि तिला कुलूप. लेकरांनी उन्हात माना टाकल्या तेव्हा मावशी उठली आणि हातातल्या घणाने कुलूप फोडलं. मग दिवस मावळेपर्यंत पोहऱ्याने शेंदून सगळ्यांना पाणी पाजलं. मराठ्यांना, आमच्या लिंगायतांना, तुमच्या लोकांना. तोवर जिच्या ओंजळीत दुसऱ्यांनी वरून पाणी ओतलं, ती बाई त्या दिवशी वर उभी आणि बाकी सगळे खाली ओंजळी धरून. स्वतः सगळ्यांच्या शेवटी प्यायली. ते ओंजळींचं पान तू काढलंयस ना, त्याच्यापुढं माझ्या भयकथांतली आजवरची सगळी भुतं फिकी आहेत.

एक दिसलं. मावशीचे पाय कुठंच नाहीत. कुठं कठडा आडवा, कुठं गर्दी, कुठं लुगड्याचा घोळ. तू चिठ्ठीत कारण लिहिलंयस ते वाचून हसलो. "पाय नगं काढू रं, लई भेगा पडल्यात, लाज वाटती." बरं, नाही तर नाही.

आता आपली शाळेपासूनची पद्धत. चित्रं आधी, शब्द मागून. तू बोलण्याचे फुगे कोरे ठेवायचे, मी भरायचे. हस्तलिखित अंकाच्या वेळी गुरुजी विचारायचे, असं उलटं का? मी सांगायचो, शहादेवला माणसं दिसतात आणि मला त्यांचं बोलणं ऐकू येतं.

आणि आगामी. हसू नकोस. पहिलं, ही आपली चित्रकथा, नाव 'कुलूप'. 'निशाचर' या माझ्या टोपणनावाखालची पहिलीच गोष्ट जिच्यात भूत नाही. पुण्याच्या प्रकाशकाने काळोख माला बंद केली म्हणून निशाचर काही मेला नाही. दुसरं, 'चिंचेखालची सासू' ही भयकादंबरी, निम्मी लिहून झाली. तिसरं, रेडिओसाठी एक श्रुतिका. चौथं, पुढच्या दिवाळीला रंगीत चित्रकथा, चित्रं तुझीच. शिवकांता म्हणते, भुतांची पंगत वाढताय, घरच्यांकडं कधी बघणार? तिला म्हटलं, एकदा छापणारा मिळू दे.

तोच तेवढा मिळायचा आहे.

तुझा,
शिवशरण


तेलगाव,
७ डिसेंबर १९८६

प्रिय शहादेव,

छापणारा मिळाला.

तुमच्या वाडीच्या सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव परवा दुकानात आले होते. सोसायटीला जानेवारीत पंचवीस वर्षं होतात. पाऊस पडला नाही, पिकं गेली, सभासदांना वाटायला काही नाही, तर निदान एक पुस्तक तरी वाटू असं त्यांच्या डोक्यात आहे. मी उत्साहाने चित्रं दाखवली. साखरेच्या पोत्यावर बसून त्यांनी एकेक पान बोट ओलं करून उलटलं. पानांना डाग पडतील म्हणून मला घाम फुटला होता.

"चित्रं लई झ्याक हायेत," म्हणाले. "ही हीर कुनाची?"

मी म्हटलं, काल्पनिक आहे.

"काल्पनिक हिरीला आमच्या आजानं घडवलेला दगुड कसा काय बसला बे?"

मग तेच हसले. रागावलेले नव्हते, हे सांगायला हवं. म्हणाले, "कुलूप व्हतं हे समद्यांला म्हाईत हाय. पर छापून कावून? अन् तेबी सोसायटीच्या पुस्तकात? तू भुताचं लिवतूस ना, मंग भुताचंच लिव. लोकांना तेच आवडतंय. तेवढं केलंस तर पुढची पुस्तकंबी आपुनच काढू, दरसाल एक." जाता जाता अप्पांना म्हणाले, तुमचा पोरगा नाव काढणार. अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं की तुझ्या पुस्तकात असतं तरी काय.

तर शहादेव, संवादात किरकोळ फेरफार करावे लागतील. चित्रांना मी हात लावणार नाही, ते वचन. तुझी एक रेघ इकडची तिकडं होणार नाही. शब्द तसेही माझ्याकडे असतात. तू तिकडं पोस्टरं रंगवतोस तेव्हा नट काय बोलतोय हे तू ठरवत नाहीस ना, तसंच समज.

आगामीची यादी आता जोरात आहे. 'चिंचेखालची सासू' सोसायटीच छापेल. श्रुतिका औरंगाबादला धाडली. रंगीत चित्रकथेचं विठ्ठलरावांच्या कानावर घालून ठेवलंय.

तुझं मत कळव. म्हणजे कळवलंस तर बरंच, पण काम छापखान्यात द्यायचं असल्याने मी थांबू शकणार नाही.

तुझा,
शिवशरण


तेलगाव,
१ फेब्रुवारी १९८७

प्रिय शहादेव,

पुस्तक निघालं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर वाटप झालं. लोकांनी अक्षरशः ओढून नेलं, त्यामुळे तुला पाठवायला माझ्याकडे प्रत उरली नाही. मिळाली की धाडतो. नावही जरा बदललं, छापखानेवाल्याचं म्हणणं पडलं की 'कुलूप' हे नाव दुकानाच्या पाटीसारखं वाटतं. मुखपृष्ठ तुझं तेच आहे, घणाचं. तुझं नाव आत मोठ्या अक्षरात आहे.

सिंधुमावशीला तिची प्रत मिळाली. ती घेऊन त्याच दुपारी वाडीहून चालत तेलगावला आली. दुकानापुढं उभी राहून मला म्हणाली, "शिवा, मपला फोटू छापून आलाय म्हनं. वाचून दाव की." तिने पुस्तक फडक्यात गुंडाळून आणलं होतं. भाकरी आणतात तसं.

गिऱ्हाईक होतं, अप्पा होते, तरी मी वाचलं. मागच्या खोलीत नेऊन, ढेपेवर बसवून. तिने प्रत्येक पानावर स्वतःला बोटाने शोधलं. घणाच्या चित्राशी आली तेव्हा म्हणाली, "पोराला पदराचा रंगबी ध्यानात हाय बग." पुस्तक काळ्या शाईतच आहे, पण तिला तो हिरवा दिसत होता. शेवटच्या पानाला डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, "लई चांगलं लिवलंस रं लेकरा."

शिवकांता दारात उभी होती. मावशी गेल्यावर तिने पुस्तक उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नंतर मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. का ते तुला कशाला सांगू, नवरा-बायकोचं असतं काहीतरी.

थंडी सरली. टँकर सुरू व्हायची बोलणी आहेत.

तुझा,
शिवशरण


तेलगाव,
२० मार्च १९८७

प्रिय शहादेव,

तुझं कार्ड आलं. प्रत दोनदा मागितलीस, मी दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा विसरणार नाही.

आईची खुशाली विचारलीस. बरी आहे. वाडीला टँकर येतो, दिवसाआड. पाणी त्याच विहिरीत ओततात आणि मग बाया शेंदून घेतात. त्यामुळे गर्दी, भांडणं, हे असायचंच. मावशी सगळ्यांचं झाल्यावर शेवटी पाणी शेंदते. तुझी आई तशीच, पहिल्यापासून.

नाही. असं नाही. तुला निम्मं तरी खरं लिहितो.

मावशी ते पुस्तक टँकरच्या रांगेत घेऊन जायची. बायांना चित्रं दाखवायची आणि मी वाचून दाखवली तशी गोष्ट सांगायची. ज्यांना बहात्तर आठवत होतं त्या माना डोलवायच्या. मग एक दिवस वाडीतल्या मनकर्णाबाईच्या सुनेने पुस्तक हातात घेतलं. ती सातवी शिकलेली. म्हणाली, "आत्याबाई, ह्यात तसं न्हाई लिवलेलं," आणि मोठ्याने वाचायला लागली.

गोष्ट मला मनकर्णाबाईनेच दुकानात सांगितली. पुस्तकात काय आहे ते आता तुला कळायला हवं. नाव आहे 'तहानलेली हडळ'. विहिरीला जाळी आणि कुलूप का, तर आत हडळ कोंडलेली. ती बाईच्या रूपात येऊन कुलूप फोडते. ओंजळींच्या पानावर तुझी आई पाणी ओतते आहे, आणि तिच्या फुग्यात मी लिहिलंय, "प्या, प्या. जो पिईल तो माझा." शेवटच्या पानावर ती स्वतः पाणी पिते, तिथं निवेदन आहे की आता तिची तहान रक्तानेच भागेल. चित्रांची एक रेघ हलवावी लागली नाही. पाय कुठं दिसतच नव्हते ना. हडळीचे पाय उलटे असतात, ते दाखवायचे तर पानं नव्याने काढावी लागली असती. तुझ्या आईच्या लाजेवर माझं काम सोपं झालं.

बाया आधी हसल्या म्हणे. मग कुणाचं तरी लेकरू पाणी पिऊन ओकलं. टँकरचं पाणी, कुणाचंही ओकणारच. पण आता तिचा पोहरा पडला की मागच्या बाया थांबतात. म्हणून ती शेवटी शेंदते, आणि शेवटी विहिरीत गाळ असतो. चालताना पोरं तिच्या पायांकडे बघतात. तिने लुगडं आणखी खाली सोडलंय.

सगळं आपोआप निवेल. लोकांना रोज नवं लागतं. तू लगेच धावत येऊ नकोस, नोकरी आहे.

आगामीचं पुढच्या पत्रात.

शिवशरण


तेलगाव,
१७ एप्रिल १९८७

शहादेव,

ते पत्र मी टाकलंच नव्हतं. वीस मार्चचं. पाकिटात घालून, तिकीट लावून, गल्ल्याच्या मागे ठेवून दिलं. आज या पत्रासोबत एकाच पाकिटात धाडतोय, कारण आता ते उशिरा आलेलं आहे हे तुलाही कळू दे.

तू जयंतीला आलास हे मला मिरवणूक तेलगावच्या चौकात आली तेव्हा कळलं. निळे झेंडे, ढोल, आणि त्यात तू. मी दुकानातून हात केला. तू बघितलंस. पण मी समजलो, गर्दीत तुला दिसलो नाही. माणूस स्वतःला किती सोयीस्कर समजावतो बघ.

मग तू रात्री न थांबता संध्याकाळच्याच एसटीने गेलास. मावशीने पुरणाचा स्वयंपाक केला होता. ती दुसऱ्या दिवशी आली, विचारायला, की शहादेव पोळी न खाता का गेला. "पुस्तक बगितलं, वाचलं अन् उठून गेला. मला म्हनला, माय, पानी कोन देतं तुला? मी म्हनलं, हीर देती. काय चुकलं का रं चित्रात?"

मी म्हटलं, चित्रात काही चुकलं नाही. एवढं एक वाक्य मी खरं बोललो.

तू दारात येऊन मला शिव्या दिल्या असत्यास, दोन ठेवून दिल्या असत्यास, तर मी आज ताठ बसून हे पत्र लिहिलं असतं. तू काहीच केलं नाहीस. मला लाज वाटते शहादेव. लाज वाटते हे लिहायलासुद्धा लाज वाटते, कारण हा शब्द माझ्या भयकथांत इतक्यांदा वापरलाय की झिजून गुळगुळीत झालाय.

उत्तर लिही. शिवीचं लिही, पण लिही.

शिवशरण


तेलगाव,
१० मे १९८७

शहादेव,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहितोय.

काल विठ्ठलराव आले होते. पुढच्या पुस्तकाचं काय, म्हणाले. 'तहानलेली हडळ' आजूबाजूच्या गावांतूनही मागतायत, दुसरा भाग काढू. हडळ आता तेलगावला येते असं काहीतरी. मी त्यांना विचारलं, वाडीत सिंधुबाईला पाणी मिळत नाही हे ठाऊक आहे का? त्यांचा चेहरा खरंच पडला. "आरं, मी कुटं म्हनलं व्हतं तिला हडळ कर म्हून? मी म्हनलं भुताचं लिव. बाई तू निवडलीस." आणि ते बरोबर होतं. पत्रांत त्यांचं नाव पुढं करून मी त्यांच्या आड उभा होतो. त्यांनी एक कुलूप झाकायला सांगितलं, मी माणूस झाकलं.

मी म्हटलं, दुसरा भाग निघणार नाही. पहिला आहे तो चुकीचा आहे. त्यांनी विचारलं, मग बाकीची पुस्तकं? मी म्हटलं, तीही नाहीत. ते उठले आणि अप्पांना रामराम करून गेले. अप्पांनी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी मात्र तराजू पुसता पुसता म्हणाले, "खोटं माप दिलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई. आपन जावं लागतं."

मी जायच्या आधी मावशीच आली. उन्हात, डोक्यावर पदर, हातात तेच फडकं. माझ्यासमोर पुस्तक उघडून ओंजळींच्या पानावर बोट ठेवलं, नेमकं फुग्यावर.

"हितं काय लिवलंय रं?"

मी वाचलं. या वेळी तेच वाचलं जे छापलेलं होतं. पानापानाने सगळं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर तिने पुस्तक मिटलं.

"मंग तवा तू मला वाचून दावलंस ते कुटं हाय?"

"कुठंच नाही, मावशी. ते मी तोंडी सांगितलं."

"म्हंजी तुला म्हाईत व्हतं."

"होतं."

मला वाटलं रडेल, आणि मी वाईट माणूस आहे म्हणून सांगतो, रडली असती तर मला हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाया आज ना उद्या इसरतील. पाऊस पडला की इसरतील. मी बी मरन. पर हे पुस्तक ऱ्हाईल. मपल्या पोरानं काढलेलं तोंड हाय हे. ते हडळीचं म्हून ऱ्हाईल."

मी म्हटलं, घरोघर जातो, पुस्तकं गोळा करतो, फुग्यांवर कोरा कागद चिकटवून खरी गोष्ट लिहितो.

"कागूद चिकटव," ती म्हणाली. "लिवू नगं."

"मग लोकांना कळणार कसं?"

"मी हाय की अजून. इचारतील."

मी तिला मठातलं पाणी देऊ का म्हणून विचारलं, म्हणजे आमच्या माठातलं. घाईत शब्दच चुकला. ती नको म्हणाली. आमच्या दुकानातून सिंधुमावशी तहानलेली परत गेली, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

शिवशरण


तेलगाव,
३ जून १९८७

शहादेव,

चिकटवायचं काम संपत आलंय. शिवकांताने मैद्याची खळ करून दिली आणि स्वतः कात्री घेऊन बसली. बोलायला लागली आहे. "भुतं पुरली एकदाची," म्हणाली. मी वाडीत दारोदार फिरलो. कुणी पुस्तक दिलं, कुणी म्हणालं पोरांनी फाडलं, एकाने पुस्तकाच्या बदल्यात पावशेर साखर मागितली. प्रत्येक दारात मी काय केलं ते सांगावं लागलं. भयकथेचा लेखक म्हणून मी नेहमी शोधत आलो की माणूस सर्वांत जास्त कशाला घाबरतो. अंगणात उभं राहून, शेळ्या आणि पोरं बघत असताना, आपण काय केलं ते सांगायला. हे मला आधी माहीत नव्हतं.

काल टँकर यायचा दिवस होता. मी विहिरीवर गेलो. खरं सांगतो, मनात एक चित्र घेऊन गेलो होतो. सगळ्यांदेखत मावशीसमोर ओंजळ धरायची, तिने ओतायचं, मी प्यायचं. लिंगायत दुकानदाराने तिच्या हातचं पाणी प्यायलं की बायांची भीती मोडेल. तुझं ओंजळींचं पान, फक्त खाली मी. म्हणजे इथंही मी स्वतःला नायकाची जागा काढून ठेवली होती.

टँकर रिता झाला. बाया पोहरे घेऊन बाजूला थांबल्या, कुणीतरी पहिलं शेंदावं म्हणून. मी मावशीला म्हटलं, आज तू पहिली शेंद. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कठड्यावर चढली आणि पोहरा सोडला. भरून वर आला. मी पुढं होऊन ओंजळ धरली.

ती म्हणाली, "मागं ऱ्हा. आदी लेकरं."

लेकरं कुणीच पुढं आली नव्हती. मी मागे सरलो. भरला पोहरा हातात धरून ती तशीच उभी राहिली. मी रिकाम्या ओंजळीने उभा. ऊन असं की दगड भाजत होता. तिचे हात कापायला लागले होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं ये कुणीतरी, पण तो हक्क माझा नव्हता.

शेवटी मनकर्णाबाई सुनेवर खेकसली, "उबी काय ऱ्हाइलीस, लेकराला ने की म्होरं. बहात्तर साली हिनं पाजलं नसतं तर तुजा नवरा वाचलाच नसता." सून पोर घेऊन आली. ती शिकलेली, तिनेच वाचून दाखवलेलं, तिची मान खाली. मावशीने पोराच्या इवल्या ओंजळीत धार धरली. पोर प्यालं, निम्मं अंगावर सांडलं. मग दुसरी आली. मग तिसरीने घागर पुढं केली. दोघी-तिघी अजूनही आल्या नाहीत, घागरी घेऊन तशाच घरी गेल्या. सगळं निवळलं असं मी लिहिणार नाही, माझ्या लिहिण्यावर तू का विश्वास ठेवशील.

माझी पाळी शेवटी आली. पोहऱ्यात तळाचं गढूळ उरलं होतं. तिने ते ओतलं, मी प्यालो. तोंडात माती आली. ती पोहरा पालथा घालून खाली उतरली.

त्यानंतर ती कठड्याशी बसली आणि पोरं भोवती जमली. कुणाच्या तरी हातात चिकटवलेलं पुस्तक होतं, पांढरे फुगे असलेलं. एकीने विचारलं, "आज्जे, हितं तू काय म्हनतीस?" आणि मावशी सांगायला लागली. ती सांगत होती ते मी तोंडी वाचून दाखवलं होतं तसं नव्हतं, आणि तू मला सांगितलं होतंस तसंही नव्हतं. त्यात तिला भीती वाटली होती. कुलूप एका घावात तुटलं नव्हतं. आपल्या दोघांनाही ती गोष्ट नीट माहीत नव्हती.

तुझी मूळ पानं आज रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. फुगे सगळे कोरे आहेत. छपाईसाठी मी शब्द वेगळ्या कागदावर लिहून वर डकवले होते, ते काढून घेतले. खळीचे थोडे डाग राहिलेत, ते निघाले नाहीत. आगामीत आता माझं काही नाही. 'चिंचेखालची सासू' गुळाच्या ढेपेखाली आहे, तिथंच बरी.

माफी मागत नाही. तुझ्या आईनेही दिलेली नाही, आणि मी विचारलंही नाही. पण निघताना तिने एक निरोप दिला, तो तिच्याच शब्दांत देतो. यात माझं एक अक्षर नाही.

"शहादेवला लिव, येकदा घरी ये म्हनावं. अन् समद्या पानांवर मपले पाय काढ. सरळ हायेत ते दिसू दे. भेगा हायेत तर भेगांसकट काढ."

शिवशरण